टालनेसला राहायला या

जन्मभर मी दुसऱ्याच्या तोंडचं बोललो. आज जरा स्वतःचं बोलतो. मी जाहिरातीचा मजकूर आहे. स्वीडनमधल्या टालनेस नावाच्या खेड्यात माणसांनी राहायला यावं, म्हणून मला लिहिलं गेलं.

माझा जन्म पालिकेच्या कचेरीत झाला, कॉफीच्या टेबलावर. आमच्याकडे सगळेच निर्णय कॉफी आणि दालचिनीच्या पावाबरोबर होतात. टालनेसच्या शाळेत तेव्हा मुलं उरली होती बोटांवर मोजण्याइतकी. मुलाबाळांची आणखी दोन-तीन कुटुंबं आली नाहीत, तर शाळा बंद होणार होती. मग त्या चिमुरड्यांना रोज जंगलातून तासभर बसने दुसऱ्या गावी जावं लागलं असतं.

मला लिहिणारी इल्वा त्याच खेड्यात राहायची, शाळेच्या अगदी समोर. तिची मुलगी टुव्हा दुसरीत होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर इल्वाने ते घर हिमतीने राखलं होतं. त्यामुळे तिने मला नोकरी म्हणून लिहिलं नाही, जीव ओतून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मी चांगला ऐसपैस होतो. तळं होतं, शाळा होती, बर्फात घसरगुंडी खेळणारी मुलं होती, आणि हिवाळ्यात दुपारीच पडणारा अंधारही होता.

तिचा साहेब टोरब्योर्न म्हणाला, "छान आहे गं, पण एकच मजकूर सगळ्यांना कसा चालेल? ज्याचं जे दुखणं, त्याला ते औषध."

"म्हणजे ज्याला जसं हवं तसं आमचं गाव?"

"खोटं कुठे लिही म्हणतोय मी? खरंच लिही, फक्त निवडून लिही."

झालं, माझी कापाकापी सुरू झाली. स्टॉकहोमच्या तरुण आईबापांसाठी मी मोबाईलच्या पडद्यावर मावणाऱ्या दोन ओळी झालो. निवृत्तांसाठी मोठ्या अक्षरांचं पत्रक झालो. नेदरलँड्समध्ये परदेशात स्थायिक होऊ पाहणाऱ्यांची जत्रा भरते, तिथल्या आमच्या टेबलामागे टांगायला डच भाषेतला फलक झालो. त्या दाटीवाटीच्या देशातल्या माणसांसाठी इल्वाने लिहिलं, 'इथे तुमच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसत नाही.' माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत देखणं वाक्य. त्याखाली शाळेचीही एक ओळ होती.

"ही काढ," टोरब्योर्न म्हणाला. "वर शांतता आणि खाली शाळा? सूर बिघडतो."

"अरे, पण शाळेसाठीच चाललंय ना हे सगळं?"

"आधी माणसं येऊ देत तर खरी!"

आमच्याकडे कॉफीच्या टेबलावर वाद ताणत नाहीत, ते बरं दिसत नाही. इल्वाने पावाचा तुकडा तोडला आणि ओळ खोडली.

मोबाईलवरच्या मला चिकार अंगठे मिळाले, पण राहायला कुणी आलं नाही. आवडलं म्हणायला एक अंगठा पुरतो, राहायला यायचं तर अख्खं बिऱ्हाड हलवावं लागतं. पत्रक वाचून एका आजोबांचा फोन आला, पण त्यांना नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. डच फलकाने मात्र कमाल केली. आमच्या टेबलापुढे रांग लागली. उन्हाळा संपेपर्यंत टालनेसमधली सगळी रिकामी घरं विकली गेली, आणि टोरब्योर्नने कचेरीत केक आणला.

आलेली माणसं सज्जन होती, नीटनेटकी होती. कुणी कुत्री घेऊन आलं, कुणी होडी घेऊन. मूल मात्र एकाच्याही कडेवर नव्हतं. शांतता शोधत येणारा माणूस पोरांचं लटांबर घेऊन कशाला येईल? हे त्या कचेरीत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

शरद ऋतूत इल्वाला एका बाईचा फोन आला. नवरा सुतार, तीन मुलं, टालनेसलाच यायचं होतं.

"एखादं घर मिळेल का? साधंसं चालेल. दुरुस्ती आम्ही करू."

इल्वाने डोळे मिटले. "नाहीये गं. एकही नाहीये."

फोन ठेवून ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. पण मजकुराला वाटून काय उपयोग?

वसंतात तळ्याकाठचे नवे रहिवासी वीबे कचेरीत आले. मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये त्यांनी इल्वाचे मनापासून आभार मानले. फलकावरचा शब्द न् शब्द खरा निघाला म्हणाले.

"एकच लहानशी गोष्ट," ते संकोचून पुढे म्हणाले. "सकाळी मधल्या सुट्टीत मुलांचा ओरडा तळ्यापलीकडून ऐकू येतो. त्याचं काही करता येईल का?"

"काळजी करू नका," इल्वा म्हणाली. "या उन्हाळ्यानंतर शाळा उघडणार नाहीये."

वीबेंचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता हो. "असं नव्हतं मला म्हणायचं," एवढंच पुटपुटून ते गेले.

आता मी इल्वाच्याच घराची जाहिरात झालोय. टुव्हाला घेऊन ती शहरात बहिणीकडे चालली आहे. नवं काही लिहिण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने फलकावरचा मला तसाच उचलला आणि घराच्या फोटोखाली ठेवला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे मुलं असतील तर माझ्यावर जाऊ नका. या, घर घ्या, अंगणात धुडगूस घाला, तळ्यापलीकडे ऐकू जाऊ दे. मुलांनी भरलेलं एक घर जरी आलं तरी कदाचित पालिकेला पुन्हा विचार करावा लागेल. पण हे माझ्यात कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला स्वतःहून एक अक्षरही लिहिता येत नाही.

काल घरासाठी फोन आला होता. दोघंच आहेत, नवरा-बायको. मजकूर फार आवडला म्हणाले.