पडून राहिला का निघून राहिला

शेषराव आमच्या शाळेचा शिपाई आणि मी ड्रॉइंग मास्तर. चित्रातलं मला काही कळतं, असं अख्ख्या जठारपेठेत फक्त त्यालाच वाटायचं. एकदा तो भर वर्गात घुसला. "मास्तर, घरी चाला. बायकोनं भिंतीवर मले मारून टाकलं."

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन देव मोर्णा नदीत सोडले, तेव्हापासून दोन वर्षं त्याच्या घरची ती भिंत रिकामी होती. आता तिच्यावर चतुराबाईंनी गेरू आणि कोळशानं तीन चित्रं काढली होती. बाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण नवऱ्याच्या मिशा अशा हुबेहूब की मला हेवाच वाटला. डावीकडे विहिरीच्या काठावर शेषराव उभा. मधे विहिरीबाहेर फक्त डोकं आणि दोन हात. उजवीकडे शेषराव नाहीच. चतुराबाई एकट्या, पाय पसरून भाकर खातायत.

"सरळ आहे," मी म्हणालो. "उभा होता, पडला, गेला."

शेषराव मटकन खाली बसला. शेजारीपाजारी दोन दिवस हेच म्हणत होते आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

माझी जीभ अशीच घात करते. घाबरून मी उर्दू शाळेच्या गफूर मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, उजव्या टोकापासून सुरुवात केली आणि माझी कीव केली. "तुमी उलटं वाचून राहिले ना, बाप्पा! आधी बाई बसल्या हायेत. मंग हा विहिरीतून निघून राहिला. अन् हा पाहा, सहीसलामत उभा!"

आम्ही अर्धा तास भांडलो. आमच्या बोलण्याबरोबर शेषराव मरत होता आणि जगत होता.

तेवढ्यात चतुराबाई डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन आल्या. सकाळपासूनची सहावी खेप.

"अवं, तूच सांग ना," शेषराव रडकुंडीला आला. "मी पडून राहिलो का निघून राहिलो?"

त्यांनी घागर उतरवली, मान चोळली. "मले कुठं वाचता येते? कुकडूनबी पाहा." मग भिंतीकडे निरखून पाहत म्हणाल्या, "मी आजून ठरवलं नाही."

आमच्या घरी पाणी कोण भरतं ते मला आठवलं आणि मी पार ओशाळलो. शेषराव गुपचूप उठला, रिकामी बादली उचलून विहिरीकडे निघाला.

चतुराबाईंनी दारातून हाक दिली, "काठावर जपून हो!"