सासूबाईंनी गाडी ओढली

बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत कुपाकला सगळं येत होतं, एक हाकणं सोडलं तर.

पिल्लं वाढवली त्याच्या बायकोनं, उलायुकनं. डोळेही न उघडलेली पिल्लं तिनं अंगरख्याच्या पाठीवरच्या, झोळीसारख्या टोपात निजवली. पाय लांब व्हावेत म्हणून रोज ओढओढून चोळले. पुढं पट्टा अंगाला लागला तरी बुजू नयेत म्हणून काखेत गुदगुल्या केल्या. कुपाक तेव्हा शेजाऱ्यांकडे बसून आपली कुत्री पुढं कशी वाऱ्यासारखी धावणार, ते सीलच्या रश्श्याबरोबर वाढत होता.

नऊ कुत्र्यांत दादा होता अंगुती. तो आधी खाणार, बाकीचे मग. पण दादा वेगळा आणि पुढारी वेगळा. गाडीला प्रत्येक कुत्रा वेगळ्या दोरीनं बांधलेला; सगळ्यांत लांब दोरी, म्हणजे सगळ्यांत पुढची जागा, हुकूम ऐकणाऱ्याची, आणि त्यासाठी उलायुकनं तयार केली होती तुल्लिकला. कुत्री किडकिडीत, पण एक कान कायम मागे, बोलणाऱ्याकडे.

कुपाकला हे लागलं. "माझा अंगुती एका मादीच्या मागून पळणार?" म्हणत त्यानं लांब दोरी अंगुतीला बांधली.

"अरे, तो दादा आहे. मागं कोण काय करतंय, यावर त्याचं लक्ष," उलायुक म्हणाली.

"मोठा कोण? तो. मग पुढं कोण? तोच. तू आपली कातडी शिव."

वसंतातल्या एका लख्ख दिवशी कुपाक शिकारीला निघाला. बर्फावर आपल्या बिळाशेजारी एक गलेलठ्ठ सील ऊन खात पडला होता. अंगुती दहा पावलं पळाला, मागं वळला आणि ज्याची दोरी जास्त ताणलेली दिसली त्याच्या मानेला त्यानं चावा घेतला. दोन मिनिटांत नऊ दोऱ्यांची वेणी झाली. कुपाकनं लांबलचक चाबूक फिरवला, तो त्याच्याच कानावर बसला. तुल्लिकला काही हुकूम मिळेना, तेव्हा ती बाजूला होऊन शांतपणे बसली. सीलनं हा तमाशा पोटभर पाहिला आणि सावकाश पाण्यात उतरला.

नाचता येईना, अंगण वाकडं. रिकामी गाडी घेऊन परतल्यावर सगळ्या वस्तीसमोर कुपाक गरजला, "ही बया बसली म्हणून सील गेला! खायला काळ नि भुईला भार. उद्या सकाळी हिला गोळी घालतो. कातड्याचे हातमोजे तरी होतील."

ज्याची कुत्री, त्याची मर्जी. पण हे पोर पिल्लू असताना हिवाळाभर उलायुकच्या पाठीवर निजलं होतं. भांडावं तर कुपाक हट्टानं आजच गोळी घालेल. ती उठली आणि वस्तीतल्या नवजातांना नाव देणाऱ्या इनुजाक आजीकडे गेली.

"आजी, मध्ये स्वप्नात सासूबाई आल्या होत्या. पाणी मागत होत्या."

मेलेलं माणूस पाणी मागायला लागलं की त्याला आपलं नाव पुन्हा कुणाला तरी दिलेलं हवं असतं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं.

"अकित्तिक? ती कसली मागतेय! ती हुकूम सोडायची."

"तसंच. 'पाणी आण' म्हणाल्या."

आजीला हसताहसता ठसका लागला. "मग? कुठं राहायला यायचंय म्हणते?"

"तुल्लिकमध्ये."

आजीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "खरंच पडलं ना गं स्वप्न?"

"पडलं. कुत्रीचं मी सुचवलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत."

सकाळी कुपाक बंदूक घेऊन बाहेर आला, तर सगळी वस्ती जमलेली आणि आजी तुल्लिकला ओंजळीनं पाणी पाजतेय.

"काय चाललंय?"

"तुझ्या आईला पाणी पाजतेय. ही अकित्तिक आता. आणि काय रे, आईला भेटायला बंदूक घेऊन आलास?"

हशा उसळला. ज्याचं नाव, त्याचं नातं. आता हिला मारणं म्हणजे आईला मारणं. कुपाकनं बंदूक खाली केली आणि ती साफ करायला आणल्याचं सांगितलं. कुणालाच ते पटलं नाही.

"लांब दोरी कुणाला?" आजीनं विचारलं. "जिवंतपणी कधी आईच्या पुढं चालायची छाती झाली होती का तुझी?"

त्यानं मुकाट दोरी बदलली. आता आईवर ओरडायचं कसं? चाबूक गाडीत टाकून तो पडेल आवाजात म्हणाला, "आई, चल ना."

कुत्रीचा कान मागे वळला. या माणसाचा मऊ आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती उठली.

"आई, जरा उजवीकडे घे."

नऊच्या नऊ कुत्री उजवीकडे वळली. दुपारी गाडीवर सील होता.

पहिला तुकडा त्यानं तिला भरवला. मग गुडघ्यांवर बसून तिचा एकेक पंजा हातात घेतला. "दमलीस ना, आई? बर्फ रुतला का कुठं? बघू."

उलायुक सील सोलायला सुरी घेऊन उभी होती. अकरा वर्षांच्या संसारात तिच्या हातापायांची चौकशी कुणी केली नव्हती.

"वाचली ना तुझी पोर?" आजी म्हणाली. "मग तोंड का पाडलंयस?"

"आजी, सगळ्यांना सांगून ठेव," उलायुक म्हणाली, "मी मेले की माझंही नाव कुत्रीलाच ठेवा. एवढ्या मायेनं हा माझ्याशी एकदा तरी बोलेल."