रेडिएटरचा डबा

सायबानं माझा डबा जमा करून घेतला त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. साधा पत्र्याचा तेलाचा डबा हुता, टँकरच्या कॅबिनला बाहेरनं टांगलेला, रेडिएटरला पानी घालायला. सायेब म्हंजी आमचे ओव्हरसियर, काकासाहेब. म्हनाले, "सूर्यभान, यातनं तू वाटंत पानी विकतोस." आरं, बारा वरसं गाडी हाकतोय मी! कुनाचा फुकटचा चा घेतला न्हाई, आन् हा कालचा आलेला मानूस मला पानीचोर म्हनतो!

या बहात्तरच्या दुष्काळात आमी नगरहून टँकर भरतो आन् पाथर्डीकडच्या कोरड्या गावांच्या आडात नेऊन वततो. माझी गाडी म्हातारी हाय. लाखाच्या वर मैल कवाच झाले, पुढं मैलाचा काटाच बंद पडला. अशा गाडीचं मरन रेडिएटरात असतं. खारट पानी पिऊन पिऊन आतल्या नळ्यांत चुना बसलाय. वरचा रबरी पाईप फुगलाय, तो मी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलाय. गळती बुजावी म्हनून आत हळद टाकतो. बायकू वरडती, "घरात कालवनाला हळद न्हाई, आन् हा गाडीला लावतोय!"

तीनदा अर्ज दिला. रेडिएटर उतरवून साफ करायचाय, नवा पाईप पायजे, दोन दिस गाडी उभी ठेवा. काकासाहेब म्हनाले, "गाडी चालतीय ना? मग कशाला?" आवो, चालतीय ती माझ्या डब्यावर! दर चार-पाच कोसाला थांबायचं, इंजन हळू चालू ठेवायचं, वाफ जाऊ द्यायची, आन् मंग दमादमानं पानी पाजायचं. तापल्या इंजनात भडाभडा वतलं की हेडला तडा गेलाच म्हना. हे खुर्चीत बसनाऱ्याला कोन सांगनार?

डबा नेला तो नेला, वर टाकीच्या तोटीला आन् झाकनाला शिशाचं सील लावलं. ते गावात, तलाठ्याच्याच हातनं तुटायचं. मधी तुटलं की ड्रायव्हर घरी. आमच्या सहादेवचं तेच झालं. वाटंत एका लेकुरवाळीला तांब्याभर पानी दिलं, दुसऱ्या दिशी नोकरी गेली. आता नवरा-बायकू दोघं दुष्काळी कामावर खडी फोडत्यात.

परवा मोरदऱ्याच्या चढाला व्हायचं तेच झालं. भर दुपार. आधी कॅबिनीत गरम वाफ आली, मंग शिट्टी वाजली, मंग बोनटखालनं लोटच्या लोट. गाडी कडंला घेतली, चाकाला दगड लावला. पाठीवर हजार गॅलन पानी आन् इंजनाला घोट न्हाई! मी चाकाला सनसनीत लाथ मारली. माझाच अंगठा दुखावला.

मोरदरा गाव वर अर्ध्या मैलावर. तीन दिस तिथं टँकर गेला नव्हता. बायांनी वरनं थांबलेली गाडी बघितली आन् हंडे घिऊन खाली पळत सुटल्या. सगळ्यांच्या पुढं आक्काबाई. साठीची म्हातारी, कंबरंत वाकलेली, पन आवाज खनखनीत.

"का रं मुडद्या, हितं गाडी लावून कुनाला इकतोस आमचं पानी?"

"इकतोय व्हय?" मी बी तापलेलाच हुतो. "या! बघा! हात लावून बघा!"

तिनं वाफ बघितली, पट्ट्या बांधलेला पाईप बघितला. मी डब्याची आन् सीलाची समदी हकिकत सांगितली.

"म्हंजी आजार रेड्याला आन् औषध पखालीला!" ती म्हनली. "तोड की मंग ते सील."

"तोडतो. उद्या मला बी खडी फोडायला जागा धरून ठिवा."

तिनं कडूबाई नावाच्या पोरीला वर पिटाळलं, तलाठ्याला बोलवायला. कडूबाई धापा टाकत परत आली. "तलाठी म्हनत्यात, सील आडावरच तोडायचं. कागदात तसं लिव्हलंय."

कागदाला काय तहान लागती?

आक्काबाई बायांना घिऊन मागं फिरली. घटकाभरानं घराघरातनं तांबे आले. कुनी रांजनाचा तळ खरवडलेला, कुनी लेकरासाठी झाकून ठेवलेलं. गढूळ, पन पिन्याचं. तवर गाडी निवली हुती. मी फडकं टाकून रेडिएटरचं झाकन सोडलं, इंजन चालू केलं आन् एकेक तांब्या बारीक धारंनं वतत गेलो. पाठीवर टाकी काठोकाठ, आन् मी या बायांच्या घरातलं शेवटचं पानी लोखंडाला पाजतोय! लाज वाटली मला. आन् लाजंपेक्षा राग जास्त आला.

गाडी चढली. तलाठ्यानं आडावर पकडीनं सील तोडलं, सही केली, "वेळ झाला" म्हनून मलाच चार शब्द सुनावले. आड भरला, बायांनी रेडिएटर बी भरून दिला. मी निघालो तर आक्काबाई कॅबिनीत चढून बसलेली, मांडीवर तिचा तांब्या.

"मला ने. तुझ्या सायबाला बघायचंय."

रिकामी गाडी उताराला तापली न्हाई, हापिस सुटायच्या आत नगर गाठलं. मी उभ्या उभ्या समदं सांगितलं. काकासाहेबांनी ऐकलं का न्हाई देव जाने, त्यांची नजर तांब्यावर.

"हे भांडं गाडीत कसं? डबा नेला तर तांब्या आनलास? शिपाई, जमा करून घ्या."

माझी मूठ वळली. पन आक्काबाईनं मला हातानंच मागं सारलं.

"घ्या की जमा करून. माझा हाय तांब्या. पन म्या भरलेला दिलाता. आधी भरा, मंग जमा करा."

"बाई, हापिसात पानी कुठलं?"

कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ हुता. कुनाला न इचारता ती गेली, तांब्या बुडवला आन् सायबाच्या टेबलावर आनून ठेवला. पानी कागदांवर सांडलं.

"हे माझ्या नातवाचं पानी. दुपारी त्याला घोट मिळाला न्हाई, गाडी प्याली. आता लिव्हा तुमच्या कागदात, चोर कोन त्ये."

काकासाहेब ओले कागद झटकत बसले. शिपाई मातुर आत गेला आन् स्टोअरातनं माझा डबा घिऊन आला. त्याला कुनी सांगितलं नव्हतं.

आक्काबाईनं तांब्यातलं पानी डब्यात वतलं आन् डबा माझ्या हातात दिला.

"घे," ती म्हनली. "उद्या पानी घिऊन लवकर ये."