शनिवारच्या आधीचा शेवट

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावेन एवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. माझी गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण आधीच सांगून ठेवते, तिच्यात गोंधळ असणार. दर शनिवारी जिचं डोकं पुसून नव्याने भरलं जातं, तिने स्वतःचं चरित्र सांगायचं म्हणजे चाळणीत पाणी साठवण्यासारखं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे एका लोकरी मोज्याची. विमानतळावर कुणी हटकू नये म्हणून मला मोज्यात कोंबून क्यूबात आणलं होतं. आमच्या गावात लोकर कोण घालतो? घामाने बनियन अंगाला चिकटलेलं असतं. मोजा फेकला गेला आणि मी इदाल्मिसच्या पिशवीत गेले. काइबारियेन गावात घरोघर 'पाकेते' पोचवणारी ती ही इदाल्मिस. पाकेते म्हणजे आठवड्याचं गाठोडं. इंटरनेट महाग आणि मुंगीच्या चालीचं, म्हणून जगभरातल्या मालिका, सिनेमे, गाण्याच्या स्पर्धा एका डिस्कवर भरून शनिवारी सकाळच्या बसने सांता क्लाराहून येत. इदाल्मिस ते माझ्यात उतरवून घेई आणि सायकलवरून निघे. दारात पाऊल ठेवायच्या आत प्रश्न येई, "काय गं, ह्या आठवड्यात काय बघायचं?"

मित्रांनो, माणूस ओळखायचा असेल तर त्याचं घर बघू नका, तो काय उतरवून घेतो ते बघा. खाटीक रिगोबेर्तो रडक्या मालिका घेई आणि म्हणे, "बायकोसाठी." बायको केव्हाच मायामीला निघून गेली होती. चर्चचे पाद्रीबुवा माहितीपट मागत आणि जाता जाता हळूच म्हणत, "त्या भुतांच्या सिनेमांवर लक्ष ठेवायला हवं, तेही टाक." निवृत्त गणितमास्तर जपानी कार्टून बघत. मी कुणाचं कधी बोलले नाही. मला तोंडच नाही, हा माझा मोठा गुण.

पण एवढ्या गोष्टी पोटात घालून हिंडताना माझी पंचाईत होऊ लागली. दिराशी लग्न केलेली बाई ब्राझीलच्या मालिकेतली, की कोपऱ्यावरच्या बेकरीतली? स्मृती गेलेला नवरा तुर्कस्तानातला, की बंदराजवळचा, तो दारू उतरली की परत येणारा? लोकही मदत करत नसत. ओट्यावर बसून म्हणत, "त्या मेल्याने तिला पुन्हा फसवलं!" कोणता मेला ते कुणीच सांगत नसे. मला आजवर नीट उलगडा झालेला नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो नेरेइदा आणि मिग्दालिया यांच्याबाबतीत. दोघी शेजारणी. तरुणपणी कोळंबीच्या कारखान्यात एकाच टेबलाशी उभ्या राहून कोळंबी सोलत. आता दोघींचेही गुडघे बोलत. मिग्दालियाचा टीव्ही बिघडला होता, म्हणून संध्याकाळी ती आपली झुलती खुर्ची उचलून नेरेइदाकडे येई. कॉफी, पुठ्ठ्याचे पंखे आणि 'लिंबांची वाडी' ही तुर्की मालिका. एकीने दुसरीशिवाय पुढचा भाग बघायचा नाही, हा त्यांचा कडक नियम.

मालिकेत नेस्रिन आणि फेरिदे या दोन जावा होत्या. नेस्रिनची वेणी कमरेपर्यंत, आणि निश्चय तिच्याहून लांब. तिने पेटी भरून पलंगाखाली लपवली होती. फेरिदेला न सांगता ती वाडी सोडून जाणार होती. आता खरी गंमत ऐका. त्याच दिवसांत मिग्दालियाच्या पलंगाखालीही एक पेटी होती. तिच्या लेकीने तिला स्पेनला, सारागोसाला बोलावून घेतलं होतं. आमच्याकडे परदेशी जाणारा माणूस विमान उडेपर्यंत तोंड उघडत नाही. आधी सांगितलं की काम नासतं, नजर लागते, असं सगळेच मानतात. रिगोबेर्तोची बायकोसुद्धा मांस आणायला जाते म्हणून गेली होती, आणि तिचा नवरा खाटीक होता!

तर एका सोमवारी मिग्दालियाने इदाल्मिसला वाटेत गाठलं.

"पोरी, 'लिंबांच्या वाडी'चे शेवटचे भाग लवकर मिळतील का? उद्यापर्यंत?"

"मावशी, ते शनिवारच्या पाकेतेत येणारच आहेत. घाई काय?"

"म्हातारीला घाईच असते, राणी. कुणाला बोलू नकोस."

इदाल्मिस ट्रकच्या हौद्यात उभी राहून सांता क्लाराला गेली आणि तिने ओळखीच्या माणसाकडून शेवटचे भाग माझ्यात भरून आणले. गुरुवारी मिग्दालियाचं विमान होतं. नियम मोडायचा नव्हता, शेवट नेरेइदासोबत बघायचा होता आणि जातेय हे सांगायचंही नव्हतं. ही तीन ओझी एका हातात कशी धरायची, हे तिलाही कळत नव्हतं. मला तर वाटलं, ही मालिकेतलीच भानगड आहे. पलंगाखाली पेटी कुणाची? न सांगता कोण निघालंय? फेरिदेला कळलं तर काय होईल? की नेरेइदाला?

मंगळवारी संध्याकाळी इदाल्मिसने मला नेरेइदाच्या टीव्हीला थेट जोडलं आणि ती लगबगीने निघून गेली. नेरेइदा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आज वार कोणता गं, मिग्दालिया?"

"मंगळवार."

"तेच म्हणते. ही पोरगी शनिवारशिवाय फिरकत नाही. आज शेवट घेऊन दारात? कुणाचं बाळंतपण अडलं होतं का?"

"आलाय तर बघू या की. किती प्रश्न विचारशील!"

नेरेइदा बसली. पण ती पडद्याकडे कमी आणि शेजारच्या खुर्चीकडे जास्त बघत होती. तिच्या मनात हिशेब सुरू झाला होता. मागच्या महिन्यात मिग्दालियाने घेवडा शिजवायचा कुकर आणून दिला होता, "रबर सैल झालंय, तुझ्याकडे राहू दे." मग आला विजेचा पंखा, "आवाज करतो." मग आल्या तुळशीच्या कुंड्या, "माझ्याकडे ऊन लागत नाही." कुकर देणारी बाई घेवडा कशात शिजवणार? आणि शनिवारी येणारा शेवट मंगळवारीच कुणाला हवा असतो? जो शनिवारी इथे नसणार, त्यालाच.

पडद्यावर नेस्रिन पेटी घेऊन वाडीच्या फाटकाशी पोचली. मागून फेरिदे धावत आली. नेस्रिन वळली, तिचा हात वर गेला...

आणि नेरेइदाने उठून माझी वायर खसकन ओढली.

मित्रांनो, मी तेव्हा आत गरगर फिरत होते. काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला, तो फक्त मला ऐकू आला.

"अगं, काय केलंस हे!" मिग्दालिया किंचाळली. "शेवट होता!"

"शेवट शनिवारी बघायचा. नेहमीसारखा. तू ये, मी कॉफी करते."

मिग्दालिया पंखा हलवत राहिली. वारा तिच्या तोंडावर येत नव्हता, भलतीकडेच जात होता.

"येशील ना शनिवारी?"

"शनिवारी मी नसेन, नेरेइदा."

"आता बोललीस! एवढं तुझ्या तोंडून काढायला मला टीव्हीची वायर ओढावी लागली."

"नजर लागेल म्हणून नाही सांगितलं गं."

"कुणाची? माझी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत! मला तू अर्धीच दिसतेस. लागून लागून किती लागणार?"

मग दोघी हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. आवाज दोन्हीचा होता. मालिकेत अशा वेळी व्हायोलिन वाजतं, त्यावरून तरी समजतं. इथे फक्त कॉफीचं भांडं फसफसत होतं.

गुरुवारी सकाळी गाडी आली. चोरून नव्हे, उघड उघड. नेरेइदाने पेटीत पेरूच्या वड्या कोंबल्या आणि ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुकरचं रबर बदलून ठेवते. येशील तेव्हा तक्रार नको!" विमान व्यवस्थित उडालं. नजर लागली नाही.

शनिवारी नवं पाकेते आलं, त्यात शेवटचा भाग धडधाकट होता. इदाल्मिस मला नेरेइदाकडे ठेवून जेवायला घरी गेली तेवढ्यात नेरेइदाने दार लावून मला टीव्हीला जोडलं, एकटीने अख्खा शेवट पाहिला, आणि ती तोंडात टॉवेलचा बोळा धरून रडली. पुढच्या शनिवारी मी तिच्या टेबलावर असतानाच सारागोसाहून फोन आला. नेरेइदा फोनवर अशी ओरडते की मधला समुद्र कशाला आहे असं वाटावं.

"शेवट पाहिलास का गं?"

"छे! तुझ्याशिवाय कशी बघेन? आणि तू?"

"मी पण नाही. इथे सगळं बोटाच्या टोकावर आहे, पण मन होत नाही. बिचारी नेस्रिन. ते केस कापल्यावर कशी पोरकी दिसते गं..."

वायर ओढली तेव्हा नेस्रिनची वेणी कमरेपर्यंत होती. केस ती अगदी शेवटी कापते.

नेरेइदा फोन दुसऱ्या कानाला लावून गालातल्या गालात हसली. मग शांतपणे म्हणाली, "हो गं, बिचारी. पुढचं तू आलीस की बघू."

"आले की बघू," पलीकडून आवाज आला.

त्या दिवसापासून मी विचार करते आहे. दोघींनी शेवट पाहिलाय, दोघी नाही म्हणतात, एकीला दुसरीचं खोटं कळलंय आणि ती खूश आहे. जगातल्या सगळ्या मालिका माझ्या पोटातून गेल्या, पण असला प्रकार एकीतही नव्हता.

आता मी म्हातारी झाले. इदाल्मिसने नवी डिस्क घेतली तेव्हा नेरेइदाने मला मागून घेतलं. माझा एक कोपरा त्या मंगळवारी कायमचा बिघडला. तिथलं पुसता येत नाही आणि तिथे नवं लिहिताही येत नाही. म्हणून एवढीच एक गोष्ट माझ्यात टिकून आहे. मी क्रोशाच्या रुमालावर बसून असते. कधी संध्याकाळी नेरेइदा मला जोडते, शेजारी रिकामी झुलती खुर्ची ओढून घेते. चित्र फाटकाशी येऊन थांबतं. नेस्रिनचा हात वर गेलेला आहे. निरोपासाठी की बोलावण्यासाठी, ते माझ्या कोपऱ्यातून दिसत नाही. शेवट ठाऊक असून नेरेइदा त्या हाताकडे बघत बसते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल तर तिला खसकन ओढू नका. पडद्यावर आधी "काढतोय" असं कळवा, ती फिरायची थांबेपर्यंत थांबा, मग काढा. दुखत नाही असं नाही, पण खरवडत नाही. आणि लांब जाणाऱ्या माणसांनाही हाच नियम असावा, असं मला वाटतं. अर्थात मी गोंधळलेली आहे. तुम्ही एकदा नेरेइदाला विचारून बघा.