हत्तीचं शेपूट

त्याने चष्मा कपाळावर सारला, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि तिचा कोड चौथ्यांदा वाचायला घेतला. वाचायला वेळ लागत नव्हता, हेच तर दुखणं होतं. सगळा मिळून दोनशे ओळींचा.

कंपनीच्या स्वतःच्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेतून डेटाबेसशी बोलायचं साधन अकरा वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं. नऊ हजार ओळी. ऑफिसात त्याला 'हत्ती' म्हणत. साधनाला की आपल्याला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. रोज दुपारी एकला हत्ती बंद करून पुन्हा चालू करायचा रिवाज होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने तेच काम तीन शब्दांत आणलं होतं: उघड, विचार, मिट. त्याने 'मंजूर' म्हटलं, की सोमवारपासून हत्तीला कायमची रजा.

"आवडलं असेल तर सांगून टाक रे," शेजारचा टेस्टर म्हणाला. "जीभ झडत नाही त्याने."

"घाईचं काम नाही हे."

"छे, घाई कसली! अकरा वर्षं एक वाजता हत्ती बंद करायला उठतोच आहोत आम्ही."

सुनेने घासलेलं भांडं सासूने उजेडात धरावं, तशी त्याने एकेक ओळ धरून पाहिली. एकशे त्रेचाळिसाव्या ओळीवर डाग सापडला. उत्तर रिकामं आलं, की डेटाबेसशी उघडलेली जोडणी मिटतच नव्हती. शंभर रिकामी उत्तरं, शंभर दारं सताड उघडी. दुपारपर्यंत डेटाबेस ठप्प! त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. 'ही चूक नवशिक्यालाही शोभत नाही,' असा शेरा त्याने सगळ्यांना दिसेल असा टाकला.

ती वही घेऊनच आली.

"दार उघडं टाकून घराबाहेर पडतेस का गं तू?"

"नाही, सर. मलाही ते खटकलं होतं." ती अडखळली. "पण ती ओळ तुमचीच आहे. जशीच्या तशी उचललीय. म्हटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. म्हणून हात नाही लावला."

त्याने चष्मा खाली घेतला. ओळीशेजारच्या टिपेत 'जोडणि' लिहिलं होतं. शाळेपासून त्याची णी कधी दीर्घ झाली नव्हती. बाकी सगळ्या कोडात तिची 'जोडणी' दीर्घच होती.

"काय कारण होतं, सर?" तिने पेन उघडलं. ती खरंच विचारत होती.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," टेस्टर पुटपुटला. मग घड्याळाकडे बघून सवयीने उठला. एक वाजला होता.

टाकलेला शेरा पुसायची सोय कोड तपासायच्या यंत्रणेत नव्हती. तीही त्यानेच बांधली होती.

"णी दीर्घ कर," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "आणि त्याखाली तुझं ते 'मिट' लिही. मग मंजूर."

ती उभ्या उभ्या वहीत लिहून घेत होती. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. तिचं अक्षरही सुरेख होतं.