काचवाल्याचे डावे फुप्फुस

मी एक जुने फुप्फुस आहे. डावे. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण उजवे फुप्फुस म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि कुणी त्याला माझ्या नावाने ओळखलेले त्याला खपत नाही. त्याचे तीन खंड आहेत, माझे दोन. माझी बाकीची जागा हृदयाने घेतली. आधी ते मधोमध राहायला आले, मग जरा माझ्याकडे सरकले, मग सरकलेलेच राहिले. रात्रंदिवस ठोकाठोक चालू असते. पण तक्रार कुणाकडे करणार? सगळ्यांचे पोट त्याच्यावर आहे. पोटाचेसुद्धा.

आमचे बालपण सुखाचे गेले. तेव्हा आम्ही पाण्याने भरलेले होतो आणि काम काहीच नव्हते. उबदार अंधार होता, नाळेतून प्राणवायू घरपोच येत होता. मग एके दिवशी आमच्या मालकांना, म्हणजे ज्यांच्या छातीत आम्ही राहतो त्यांना, बाहेर काढले आणि पहिली हवा आत घुसली. ती इतकी गार आणि इतकी परकी होती, की मालकांनी मोठ्याने निषेध नोंदवला. बाहेरची मंडळी म्हणाली, "रडला, रडला!" आणि हसायला लागली. जगाशी आमची ओळख ही अशी झाली.

आमच्याकडे हवा थेट येत नाही. नाकातले केस तिची धूळ अडवतात, नाकाची ओली वाट तिला ऊब देते. पुढे घशात एक झाकण आहे. घास आला की ते श्वासनळीचे तोंड बंद करते. मालक जेवताना गप्पा मारू लागले की त्या बिचाऱ्याचा गोंधळ उडतो. लहानपणी असाच एक वाटाणा वाट चुकला. श्वासनळीची उजवी फांदी जास्त सरळ आणि रुंद, त्यामुळे वाटाणा थोरल्याकडे गेला. थोरल्याने असा काही खोकला काढला की वाटाणा समोर बसलेल्या आत्याच्या चहात पडला. आत्या चहा पिऊन म्हणाली, "साखर कमी आहे."

श्वासनळी कूर्चेच्या कड्यांनी ताठ धरलेली असते. तिला दोन फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या, आणि टोकांना वायुकोशांचे घोस. वायुकोश म्हणजे हवेचे इवलेसे बुडबुडे. त्यांना केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या बिलगून असतात. तिथे आम्ही प्राणवायू रक्ताला देतो आणि रक्ताने आणलेला कार्बन डायऑक्साइड घेतो. एवढेच काम, पण त्याला रविवार नाही.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. मला स्नायू नाहीत. अजिबात नाहीत. माझ्याखाली घुमटासारखे श्वासपटल आहे. ते आकसून सपाट होते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते आणि मग मी पसरतो. जागा मिळाली की पसरायचे, ही माझी एकूण कर्तबगारी.

मालक मोठे होऊन काच फुंकणारे कारागीर झाले. कारखान्यात त्यांना सगळे 'भाता' म्हणत. किती छान दिवस होते ते! भट्टीचा नारिंगी उजेड, लोखंडी नळीच्या टोकाला मधासारखी लोंबणारी काच, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "नळी तोंडाला असताना श्वास आत ओढायचा नाही. ओढलास तर आगीचा घास घेशील. नाकाने घे, नळीत दे." मालकांनी हा नियम हाडात मुरवला. बरण्या फुगत, गिऱ्हाईक "वा!" म्हणत, आणि आत मी उगीचच थोडा जास्त फुगत असे.

मग एकदा चहाच्या सुट्टीत उस्ताद सहज म्हणाले, "नाजूक काम छातीचं नसतंच मुळी. ते गालांचं." म्हणजे इतकी वर्षे मी माझ्या समजत होतो त्या बरण्या गालांच्या होत्या. मी बरेच दिवस थोरल्याशी बोललो नाही. त्याचा काही संबंध नव्हता, पण जवळ तोच होता.

त्याच चहाच्या सुट्टीत सिगारेटही आली. माझ्या नळ्यांच्या आत सूक्ष्म केस असतात. ते धूळ आणि कफ झाडून वर ढकलतात. धुराने ते आधी सुस्तावले, मग गळून गेले. गुलाबी होतो, राखाडी झालो. आणि एका थंडीत न्यूमोनिया झाला. माझ्या खालच्या खंडात पाणी साचले. बालपणी मी पाण्याने भरलेला असताना किती सुखात होतो! या वेळी मात्र मालक गुदमरत होते.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "डावीकडचा खालचा भाग अजून मिटलेलाच आहे. व्यायाम केला नाहीत तर तसाच राहील."

"भट्टीवर कधी जाऊ?" मालकांनी विचारले.

"आधी हे तिन्ही गोळे वर जाऊ देत."

डॉक्टरांनी पुढे केला तो एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात तीन हलके गोळे आणि बाहेर एक नळी. सिस्टर म्हणाली, "काका, नळी तोंडात धरायची आणि गोळे वर न्यायचे," आणि घाईने दुसऱ्या खाटेकडे गेली.

मालकांनी नळी तोंडात धरली आणि फुंकले. गोळे ढिम्म. पुन्हा फुंकले. डोळे बाहेर आले, गोळे आतच.

"अहो, जोर लावा ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"लावतोय की!"

"सगळं अंग लावा."

"अगं, आता काय पाय लावू?"

संध्याकाळी त्यांचा भट्टीवरचा जोडीदार आला. तो मालकांनी फुंकलेली काच चिमट्याने धरायचा, म्हणून त्याचे नावच चिमटा. मालक त्याला म्हणाले, "माझी भट्टीवरची नळी तू घे."

"मी काय करू तिचं? फार तर पडदा अडकवीन."

"थट्टा नाही रे. तीन पोकळ गोळे हलत नाहीत माझ्याच्यानं. बरणी काय फुगणार?"

मालकीणबाई आधीच घडी घातलेला टॉवेल पुन्हा घडी घालू लागल्या. मित्रांनो, या माणसाचे काम माझ्यामुळे सुटणार होते, आणि मला साधे "माफ करा" म्हणायचीही सोय नव्हती.

सकाळी सिस्टर म्हणाली, "दाखवा बरं करून." मालकांनी फुंकले.

"काका! फुंकताय काय? ओढायचं!"

"आत?"

"मग बाहेर कुठे ओढणार?"

मालकांनी डबा खाली ठेवला. "नळीतून आत ओढत नसतात, सिस्टर. भाजतं."

"प्लास्टिक आहे हो, काका!"

त्यांनी प्रयत्न केला. पण नळी ओठांना लागली की गाल आपोआप फुगत. मी खालून बघत होतो, जागा काही होत नव्हती.

"सरबत पितो ना आपण नळीने, तसं," सिस्टर म्हणाली.

"मी कधी प्यायलोय?"

मालकीणबाईंना आठवले. हा माणूस कुठेही गेला तरी ग्लासातली नळी काढून खिशात ठेवायचा. "आपल्या लग्नातसुद्धा ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आठवण म्हणून जपताय."

पुढचे वाक्य त्यांना जड गेले असावे, कारण त्यावरूनच त्यांनी आयुष्यभर भांडण केले होते.

"सिगारेट ओढता, तसं ओढा."

"ती नळी नाही," मालक म्हणाले.

"माहितीये. ओढा."

मालकांनी डोळे मिटले. श्वासपटल खाली गेले, बरगड्या उचलल्या गेल्या. एक गोळा थरथरला आणि वर गेला. माझ्या तळाशी चिकटलेले वायुकोश चुरचुरत, एकेक करून उघडू लागले.

मालकांनी नळी काढली आणि बायकोकडे बघत राहिले.

"गार आहे गं," ते म्हणाले.

किती वर्षांनी त्यांच्या तोंडातून नुसती हवा आत आली होती! मालकीणबाईंनी टॉवेल डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "अजून दोन राहिलेत."

तिन्ही गोळे वर जायला बराच काळ लागला. सिगारेट सुटली. मालक भट्टीवर परत गेले, पण आता लहान बाटल्याच करतात. माझा एक कोपरा उघडला नाही तो नाहीच. गळलेले केस मात्र पुन्हा उगवू लागले आहेत, असे थोरला म्हणतो. तो कधी कधी माझी समजूत काढतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही आमच्यासारखी एक जोडी आहे, अजून गुलाबी. तुम्ही पुस्तकावर कुबड काढून बसता, तेव्हा ती दाटीवाटीने उभी असते. धूर आला तर तिला उठून जाता येत नाही. तुम्हीच उठा. आणि आत्ता जरा ताठ बसून एक श्वास घ्या, पार तळापर्यंत. घेतलात? आतून उत्तर येणार नाही, आवाजाचे खाते कंठाकडे आहे.

पण पोचला.