बुरशीतलं स्वच्छ कडं

मुलांनो, डोळे मिटा आणि काचेची एक पसरट ताटली समोर आणा. तळहातावर मावेल एवढीच. तिच्यात खळीसारखं काहीतरी घट्ट जमवलंय आणि त्यावर बुरशी पेरली आहे. हो, मुद्दाम, शेतात बी पेरतात तशी. मधोमध मलमाचा एक ठिपका ठेवा, झाकण लावा आणि थांबा. काही दिवसांनी ताटलीभर करडी लव उगवेल. पण मलमात लवंगेचं तेल असेल, तर ठिपक्याजवळ बुरशी फिरकणार नाही. तिथं स्वच्छ, गोल कडं दिसेल.

अशाच दोन ताटल्यांची वाट बघणाऱ्या एका मुलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिची मावशी घरामागच्या खोलीत भेगाळलेल्या हातांसाठी मलम बनवायची. दवाखान्यातल्या परिचारिका ते वापरत. दिवसभर हात धुऊन त्यांची कातडी फुटायची. मलम कोमट झालं की त्यात लवंगेचं तेल ओतून तळापासून ढवळायचं, हे काम भाचीचं. तेल कमी पडलं तर डब्यात बुरशी धरते, जास्त झालं तर फुटलेल्या हातांची आग होते. एक डबा जरी बिघडला, तरी दवाखाना पुन्हा मावशीला दारात उभं करणार नव्हता.

त्या दिवशी मावशीने नवं, उंच पातेलं काढलं. त्याला खाली तोटी होती.

"पोचेल का गं हात?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

कोपऱ्यात स्टुलावर बसून डब्यांना चिठ्ठ्या चिकटवणारे काका गालात हसले.

हात पोचला नाही. मुलीने वरवर ढवळलं आणि हात धुवायला पळाली. लवंगेचा वास खोलीभर दरवळत होता. अंगणातून परतलेली मावशी खूश झाली. वासावरून तळाचं काय कळणार? तिने तोटीखाली डबे भरले, आणि काका दुपारच्या गाडीने आपल्या बहिणीकडे गेले.

संध्याकाळी मुलीला राहवेना. "मावशी, माझा हात तळाशी पोचला नव्हता."

मावशीने हातातलं फडकं बाजूला टाकलं. "मग तेव्हा तोंडाला कुलूप का?"

"तू लहान म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. आहेसच."

आता डबे पुन्हा वितळवायचे तर तापवताना तेल उडून जाणार, आणि तसेच पाठवायचे तर कुणाचे हात भाजतील कोण जाणे. मावशीची मैत्रीण प्रयोगशाळेत होती. आधी भरलेल्या डब्यातलं, म्हणजे तोटीजवळचं तळाचं, आणि शेवटी भरलेल्या डब्यातलं, म्हणजे वरचं, मलम मावशीने तिच्याकडे दिलं. तळाशी तेल गेलंच नसेल, तर पहिल्या ताटलीत कडं दिसणार नव्हतं.

मैत्रीण ताटल्या घेऊन आली, त्याच सकाळी काकाही परतले. मुलीने एक डोळा मिटून, दुसरा किलकिला करून पाहिलं.

दोन्ही ताटल्यांत कडं होतं. अगदी सारखं.

"मलम उत्तम मिसळलंय," मैत्रीण म्हणाली. "पाठव बिनधास्त."

मावशीने दोन्ही ताटल्या उजेडात धरून पाहिल्या. "पण हिचा तर हात पोचला नव्हता."

"पोचणार कुठून?" पिशवी ठेवत काका म्हणाले. "बाईसाहेब खांद्यापर्यंत पातेल्यात, आणि पळी अर्ध्यावरच. त्या हात धुवायला गेल्या, तेव्हा मी तळापासून ढवळून ठेवलं."

"मग सांगायचं नाही का? इथं आमचा जीव टांगणीला लागलाय."

"मला काय ठाऊक? मला वाटलं, पोरीचा मान राहील." ते घाम पुसत आपल्या स्टुलावर टेकले.

मावशी हसायला लागली ती थांबेचना. मुलगीही हसली, आणि कित्येक दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.

पुढचं मलम कोमट झालं, तेव्हा मावशीने काही न विचारता तेलाची बाटली तिच्या हातात दिली. मुलगी पातेल्याकडे गेलीच नाही. ती तडक कोपऱ्यात गेली.

"काका, उठा जरा. स्टूल हवंय."